भंगलेल्या मूत्रवाहिनीची पुनर्रचना : एका शस्त्रक्रिया-विचाराचा इतिहास

मूत्रपिंडात तयार झालेले मूत्र मूत्राशयापर्यंत पोचविणारी मूत्रवाहिनी ही प्रौढ माणसात सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची आणि बोरूहूनही बारीक अशी नलिका होय. उदरगुहेच्या मागील भिंतीला चिकटून ती खाली उतरते, कटीच्या कडेवरून मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते आणि स्त्रीच्या शरीरात गर्भाशयाला रक्त पुरविणाऱ्या धमनीच्या खालून जाऊन मूत्राशयात शिरते. इतक्या खोल दडलेल्या या नलिकेला बाहेरील आघाताने इजा होण्याचे प्रसंग थोडे. तिला जी दुखापत होते ती बहुतांशी शस्त्रवैद्याच्याच हातून, दुसऱ्याच एखाद्या अवयवावर शस्त्रक्रिया चालू असताना. मूत्रवाहिनीच्या पुनर्रचनेचा इतिहास म्हणूनच काहीसा वेगळा आहे. रोगाचा प्रतिकार करण्यासाठी निर्माण झालेली ही विद्या नसून, शस्त्रक्रियेने स्वतःच उत्पन्न केलेल्या हानीची भरपाई करण्यासाठी तिला स्वतःकडूनच शिकावी लागलेली ही विद्या आहे.

या विद्येची प्रगती केवळ हस्तकौशल्य वाढल्यामुळे झाली असे मानण्याकडे सामान्यतः कल असतो. परंतु गेल्या दीडशे वर्षांतील घटनाक्रम पाहिला असता निराळेच अनुमान निघते. मूत्रवाहिनी म्हणजे काय, याविषयीची शस्त्रवैद्यांची कल्पना ज्या ज्या वेळी बदलली त्या त्या वेळी तिच्या दुरुस्तीची पद्धतही बदलली. प्रथम ती केवळ एक नळी समजली गेली. पुढे रक्तावर जगणारी सजीव ऊती म्हणून तिचा विचार झाला. आणि अखेरीस मूत्रपिंड व मूत्राशय यांच्यासह काम करणाऱ्या एका व्यवस्थेचा ती भाग आहे, हे ध्यानात आले. या तीन पायऱ्यांचे विवेचन पुढे केले आहे.

प्राचीनांच्या कल्पना

मूत्र मूत्राशयात कसे पोचते, हा प्रश्न प्राचीन वैद्यांपुढेही होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, अश्मरीचे निदान सांगताना, याविषयी एक प्रसिद्ध दृष्टांत दिलेला आहे. नवा मातीचा घट तोंडापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला असता जसा त्याच्या बाजूंनी पाझरून भरतो, तसा बस्ती मूत्राने भरतो, असे तेथे म्हटले आहे. अश्मरीवरील शस्त्रकर्माचे इतके बारकाईने वर्णन करणाऱ्या ग्रंथात मूत्रवाहिनीचे आजच्या अर्थाने स्वतंत्र वर्णन नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ग्रीक वैद्यकातही याहून फार निराळी स्थिती नव्हती. पिण्यात आलेले पाणी वाफेच्या रूपाने मूत्राशयात शिरते, असे मत अॅस्क्लीपिआडीझ याने मांडले होते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने या मताचे खंडन केले ते प्रयोगाने. जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या त्याने बांधून टाकल्या. मूत्राशय रिकामा राहिला, तर बंधनाच्या वरचा भाग फुगून तट्ट झाला. बंधन सोडताच मूत्र खाली उतरले. याच प्रयोगमालेत त्याने आणखी एक गोष्ट दाखविली. भरलेला मूत्राशय कितीही दाबला तरी मूत्र उलट मूत्रवाहिनीत शिरत नाही. मूत्रवाहिनी ही मूत्राची वाट आहे आणि ती एकदिशा वाट आहे, हे दोन्ही सिद्धांत अशा रीतीने एकाच वेळी सिद्ध झाले. त्यांपैकी पहिला वैद्यकाने लगेच आत्मसात केला. दुसऱ्याचे शस्त्रक्रियेतील महत्त्व उमगण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

मूत्रपिंडाचा बळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भूल देण्याचे तंत्र हाती आल्यावर उदरगुहेतील शस्त्रक्रिया वाढल्या. अंडाशयाच्या मोठमोठ्या गाठी काढण्यात येऊ लागल्या, आणि त्याबरोबर मूत्रवाहिनी कापली जाण्याचे प्रसंगही येऊ लागले. अशा स्त्रीच्या वाट्याला येणारे दुःख मोठे दारुण असे. कापलेल्या टोकातून मूत्र वाट फुटेल तिकडे, योनिमार्गातून किंवा पोटावरील जखमेतून, अहोरात्र झिरपत राही. मूत्राशय शाबूत, दुसरे मूत्रपिंडही शाबूत. तरीही वस्त्रे सदैव भिजलेली आणि त्वचा सोललेली. जीव वाचला तरी माणसांत वावरणे अशक्य होई.

हायडेलबर्ग येथील गुस्टाफ झिमोन यांच्याकडे अशीच एक रुग्ण आली होती. नालव्रण बंद करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरल्यावर त्यांनी एक धाडसी विचार केला. मूत्र थांबवावयाचे तर ते निर्माण करणारे मूत्रपिंडच काढून टाकावे. एका मूत्रपिंडावर प्राणी जगू शकतो, याची खात्री त्यांनी आधी कुत्र्यांवरील प्रयोगांनी करून घेतली आणि २ ऑगस्ट १८६९ रोजी त्या बाईचे मूत्रपिंड काढले. ती बरी झाली. पूर्वनियोजित रीतीने केलेली मूत्रपिंडोच्छेदनाची ही पहिली यशस्वी शस्त्रक्रिया म्हणून वैद्यकाच्या इतिहासात नोंदली गेली आहे.

या घटनेचा गौरव सर्वत्र होतो आणि तो यथार्थही आहे. परंतु तिचे दुसरे अंग सहसा सांगितले जात नाही. जे मूत्रपिंड काढले गेले ते रोगामुळे निकामी झाले होते म्हणून काढलेले नव्हते. दोष होता तो मूत्रवाहिनीत. बोरूएवढ्या नळीची दुरुस्ती करता येत नाही, म्हणून एका अवयवाचा बळी देण्यात आला. पुढील शतकभर या क्षेत्रात जे जे प्रयत्न झाले ते या एका तडजोडीतून सुटका करून घेण्याचे प्रयत्न होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

जोडाचा प्रश्न

कापलेली नळी पुन्हा जोडावी, हा विचार साहजिकच प्रथम सुचला. १८८७ मध्ये इटालीतील पोज्जी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून एक टोक दुसऱ्यात सरकविण्याची पद्धत मांडली. परंतु वर्तुळाकार जोडात एक मूलभूत अडचण होती. जखम भरून येताना व्रणाची ऊती आकसते. रुंद आतड्यात हे आकसणे खपून जाते. तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या नलिकेत त्यानेच मार्ग बंद होतो. मूत्र गळणे थांबते खरे, पण वरचे मूत्रपिंड कोंडलेल्या मूत्राच्या दाबाने निःशब्दपणे नष्ट होते. पुष्कळदा रुग्णाला वेदनाही होत नाहीत. म्हणून वरवर यशस्वी दिसणारा जोड प्रत्यक्षात अपयशी असू शके.

शिकागो येथील वेलर व्हॅन हुक यांनी १८९३ मध्ये या अडचणीवर तोड काढली. खालच्या भागाचे टोक बांधून टाकावयाचे, त्याच्या बाजूला उभा छेद घ्यावयाचा आणि वरचे टोक त्या छेदातून आत ओढून घ्यावयाचे, अशी ही योजना होती. येथे जोडाचा परीघ नळीच्या परिघापुरता मर्यादित राहत नाही. तो छेदाच्या लांबीवर अवलंबून असतो. बाल्टिमोर येथील हॉवर्ड केली यांनी ही पद्धत प्रत्यक्ष रुग्णावर अमलात आणली. पुढे १८९७ मध्ये वॉशिंग्टनचे बोव्हे यांनी दोन्ही टोके तिरपी कापून जोडण्याचा मार्ग दाखविला. आजही मूत्रवाहिनीचा सरळ जोड करताना दोन्ही टोकांना छेद देऊन ती रुंद करतात आणि मगच टाके घालतात. साधने बदलली, धागा बदलला, तरी त्यामागील तत्त्व त्याच दशकातील आहे.

सजीव ऊती म्हणून मूत्रवाहिनी

एवढे होऊनही अनेक जोड का फसतात आणि ज्या मूत्रवाहिनीला शस्त्राचा स्पर्शही झालेला नाही तिलाही नालव्रण का पडतो, हे कोडे शिल्लक राहिले. ते सोडविण्यास एका नव्या शस्त्रक्रियेने भाग पाडले. व्हिएन्ना येथील एर्न्स्ट व्हेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी विस्तृत उच्छेदनाचा प्रारंभ केला. या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनी भोवतालच्या ऊतींपासून लांबवर मोकळी करावी लागे. शस्त्रक्रियेच्या वेळी ती धडधाकट दिसे. परंतु काही दिवसांनी तिचा एखादा भाग मृत होऊन गळून पडे आणि मूत्र झिरपू लागे.

जॉन सॅम्प्सन यांनी १९०४ च्या सुमारास बाल्टिमोर येथे या प्रश्नाचा शोध घेतला. धमन्यांत रंगद्रव्य भरून त्यांनी असे दाखविले की, मूत्रवाहिनीला निरनिराळ्या ठिकाणी लहान लहान धमन्या येऊन मिळतात आणि तिच्या बाह्य आवरणात त्यांचे एक सलग जाळे तयार होते. हे जाळे टिकले तर आजूबाजूच्या काही शाखा तुटल्या तरी नळी जगते. आवरण सोलून काढले तर मात्र ती मरते. कटीच्या कडेच्या वर या शाखा शरीराच्या मध्यरेषेकडून येतात, तर त्याखाली त्या बाहेरील बाजूने येतात. तेव्हा कोणत्या बाजूने छेद घ्यावयाचा याचाही निर्णय या ज्ञानावरून करता येऊ लागला. मूत्रवाहिनी मोकळी करताना तिच्याभोवतीचे आवरण तिच्याबरोबर राहू द्यावे, हा आज प्रत्येक विद्यार्थ्याला शिकविला जाणारा नियम या शोधाचे फलित होय.

या सजीवपणाची दुसरी बाजू फिलाडेल्फियाच्या डेव्हिड डेव्हिस यांनी १९४३ मध्ये पुढे आणली. आवळलेल्या मूत्रवाहिनीला त्यांनी उभा छेद दिला, आत एक नळी ठेवली आणि छेद न शिवता तसाच सोडला. काही आठवड्यांत नळीभोवती नवी भिंत तयार झाली. जी ऊती अविचाराने हाताळली असता मरते, तीच योग्य आधार मिळाल्यास स्वतःला पुन्हा घडविते, असा याचा अर्थ होता. मूत्रवाहिनीत ठेवावयाच्या मृदू नळ्यांचा इतिहास याच विचारातून पुढे गेला. १९६७ मध्ये झिम्सकिंड यांनी सिलिकोनच्या नळ्यांचा वापर वर्णिला, आणि १९७८ मध्ये फिनी यांनी दोन्ही टोकांना आकड्यासारखी वळण घेणारी, जागची न हलणारी नळी प्रचारात आणली.

शेजारच्या अवयवांचे साहाय्य

दोन-तीन सेंटिमीटरचा भाग गेला असेल तर टोके ओढून जोडता येतात. त्याहून मोठे अंतर पडल्यास टोके ताणून जोडण्याचा मोह घातक ठरतो, कारण ताणलेल्या ऊतीचा रक्तपुरवठा आटतो. हे अंतर भरून काढण्यासाठी काच, धातू, रबर व पुढे कृत्रिम द्रव्ये यांच्या नळ्या वापरून पाहण्यात आल्या. परंतु मूत्रातील क्षार त्यांवर साचतात, जंतुसंसर्ग जडतो, आणि त्यांना क्रमसंकोचही नसतो. ऊतीची जागा ऊतीनेच घ्यावी, हा निष्कर्ष अपरिहार्य ठरला.

सर्वांत जवळचा शेजारी मूत्राशय होय. इटालीतील फेर्रारा येथे आकिल्ले बोआरी यांनी १८९४ मध्ये कुत्र्यावर केलेल्या प्रयोगात मूत्राशयाच्या भिंतीची एक पट्टी कापून वर उचलली, तिची नळी केली आणि तीत मूत्रवाहिनीचे वरचे टोक बसविले. पट्टीचा पाया रुंद ठेवला तर तिचे रक्त टिकते, हे या रचनेचे मर्म. कल्पना इतकी सुबोध असूनही माणसात तिचा स्वीकार होण्यास सुमारे अर्धे शतक लागले. अमेरिकेतील ओकरब्लाड यांनी या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. या पट्टीने १० ते १५ सेंटिमीटरपर्यंतचे अंतर भरून काढता येते. त्याहून सोपी अशी दुसरी युक्ती टर्नर-वॉरविक व वर्थ यांनी १९६९ च्या निबंधाने लोकप्रिय केली. मूत्राशयच एका बाजूला वर ओढून सोआस या कटीच्या स्नायूला टाक्यांनी बांधून ठेवावयाचा, म्हणजे मूत्रवाहिनीला त्याच्याकडे खाली यावे लागत नाही. तोच तिच्याकडे जातो. खालच्या तृतीयांशातील बहुतेक दुखापतींना ही योजना पुरेशी पडते.

दुसरा शेजारी म्हणजे विरुद्ध बाजूची मूत्रवाहिनी. क्लीव्हलँडचे हिगिन्स यांनी १९३५ मध्ये एका बाजूची मूत्रवाहिनी मध्यरेषा ओलांडून दुसरीच्या बाजूला जोडली. यात मूत्राशयाला हात लावावा लागत नाही. परंतु एक निरोगी बाजू जोखमीत पडते. खडे, क्षय किंवा अर्बुद यांची शंका असल्यास ही शस्त्रक्रिया टाळतात ती याच कारणासाठी.

तिसरा, काहीसा दूरचा शेजारी म्हणजे लहान आतडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच डच शस्त्रवैद्य शूमाकर यांनी त्याचा उपयोग केला होता. त्याला व्यवस्थित शास्त्रीय पाया मिळाला तो लॉस एंजेलिसच्या विलार्ड गुडविन यांनी १९५९ मध्ये आपला अनुभव प्रसिद्ध केल्यावर. परंतु आतड्याचा धर्म वाहण्याचा नसून शोषण्याचा आहे. ते श्लेष्मा स्रवते आणि मूत्रातील क्लोराइड पुन्हा रक्तात घेते. म्हणून मूत्रपिंडे दुर्बळ असतील तर हा मार्ग बंद असतो. यांग यांनी १९९३ मध्ये आणि माँटी यांनी १९९७ मध्ये आतड्याचा अगदी आखूड तुकडा उभा उकलून आडवा गुंडाळण्याची पद्धत वर्णिली. तीमुळे मूत्राच्या संपर्कात येणारे आतड्याचे क्षेत्र कमी झाले. १९९९ मध्ये नॉडे यांनी तोंडातील गालाच्या आतील श्लेष्मल त्वचेचे रोपण मूत्रवाहिनीसाठी वापरल्याचे प्रसिद्ध केले. मूत्राची सवय नसलेली, पण ओलाव्यात टिकणारी ही ऊती पुढे यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियांतही उपयोगात आली.

उलट्या प्रवाहाचा धोका

मूत्रवाहिनी कोठे तरी जोडली की काम झाले, या समजुतीला सर्वांत मोठा धक्का बसला तो वेगळ्याच दिशेने. १८५१ मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात जॉन सायमन यांनी, मूत्राशय पोटावर उघडा असण्याची जन्मजात विकृती असलेल्या एका मुलाच्या मूत्रवाहिन्यांची वाट गुदाशयात काढून दिली होती. मूत्राला वाट मिळाली. परंतु सुमारे वर्षभराने मुलगा दगावला. पुढे साठ वर्षे अशा प्रयत्नांना मूत्रपिंडातील जंतुसंसर्गाने ग्रासले. त्याचे कारण १९११ मध्ये अमेरिकेतील कॉफी यांनी अचूक ओळखले. निसर्गात मूत्रवाहिनी मूत्राशयात सरळ न शिरता भिंतीतून तिरपी जाते. आतील दाब वाढला की भिंतीच त्या भागाला दाबून बंद करतात. म्हणून जोड करताना नळीचा शेवटचा भाग श्लेष्मल आवरणाखालून काही अंतर न्यावा, असे त्यांनी सुचविले. गेलेनने दाबलेल्या मूत्राशयावर जे पाहिले होते त्याला अशा रीतीने सतराशे वर्षांनी शस्त्रक्रियेत स्थान मिळाले.

कॉफींची झडप जंतूंना काही अंशी रोखू शकली, आतड्याच्या शोषणाला नव्हे. १९५० मध्ये फेरिस व ओडेल यांनी दाखवून दिले की, मोठ्या आतड्यात मूत्र सोडलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात क्लोराइड वाढून आम्लता निर्माण होते. त्यामुळे शक्य असेल तेथे मूत्राशयच गाठावा, या मताला बळकटी आली. १९५२ मध्ये हच यांनी, पाठीच्या कण्याला इजा झालेल्या रुग्णांत मूत्र उलट वर चढल्याने मूत्रपिंडे कशी बिघडतात, याकडे लक्ष वेधले. १९५८ मध्ये पोलिटॅनो व लेडबेटर यांची पुनर्रोपणपद्धती आली आणि १९५९ मध्ये पाकँ यांनी श्लेष्मल आवरणाखालील मार्ग नळीच्या व्यासाच्या पाचपट असावा, असे प्रमाण घालून दिले. एका दशकात मूत्रवाहिनीच्या शस्त्रक्रियेचे केंद्र जोडापासून प्रवाहाच्या दिशेकडे सरकले.

हे सर्व तपासून पाहण्याची साधने नसती तर या विचारांची कसोटी लागली नसती. नित्से यांचा मूत्राशयदर्शक १८७९ मधील. अल्बारान यांनी १८९७ मध्ये त्याला जोडलेल्या तरफेमुळे मूत्रवाहिनीत नळी घालणे सुकर झाले. १९०६ मध्ये फेल्कर व फोन लिख्टेनबेर्ग यांनी खालून द्रव भरून क्षकिरण-चित्रे घेतली, आणि १९२९ मध्ये मोझेस स्विक यांच्या कार्यामुळे शिरेतून औषध देऊन दोन्ही मूत्रपिंडांचे कार्य चित्रात पाहता येऊ लागले. निःशब्दपणे मरणारे मूत्रपिंड तेव्हापासून दिसू लागले, आणि शस्त्रवैद्याला आपल्या यशाचा हिशेब जखमेच्या कोरडेपणावर न करता मूत्रपिंडाच्या स्थितीवर करणे भाग पडले.

उपसंहार

१९५४ मध्ये बॉस्टन येथे मूत्रपिंडाचे प्रतिरोपण यशस्वी झाल्यावर या इतिहासाला एक अनपेक्षित वळण मिळाले. मिसिसिपी विद्यापीठाचे जेम्स हार्डी यांनी, वरच्या भागात गंभीर इजा झालेल्या मूत्रवाहिनीवर उपाय म्हणून, रुग्णाचे स्वतःचेच मूत्रपिंड काढून त्याच्या कटिप्रदेशात पुन्हा रोपले आणि १९६३ मध्ये तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. १८६९ मध्ये मूत्रवाहिनी दुरुस्त होत नाही म्हणून मूत्रपिंड टाकून देण्यात आले होते. १९६३ मध्ये मूत्रवाहिनी पोचत नाही म्हणून मूत्रपिंडच मूत्राशयाजवळ आणण्यात आले. दोन्ही प्रसंगी अवयव शरीराबाहेर काढला गेला. मधल्या ९४ वर्षांत बदलला तो त्यामागील हेतू.

दुखापतीचे मूळ मात्र नाहीसे झालेले नाही. १९८० च्या सुमारास मूत्रवाहिनीच्या आत शिरणारे दर्शकयंत्र प्रचारात आले आणि खडे काढणे सोपे झाले. त्याबरोबर आतून भिंत फाटण्याचे किंवा नळी उपटून येण्याचे नवे प्रकारही आले. उदरदर्शकातून होणाऱ्या स्त्रीरोगविषयक शस्त्रक्रियांत विजेच्या उष्णतेने होणारी इजा कित्येक दिवस लपून राहते. प्रयोगशाळेत वाढविलेली मूत्रवाहिनी अद्याप नित्याच्या उपचारात आलेली नाही. म्हणून इजा त्याच वेळी ओळखणे, हाच आजही सर्वांत मोठा उपाय आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच ध्यानात आलेली इजा एका साध्या जोडाने भागते, आणि महिन्याभराने ध्यानात आलेल्या तिच इजेसाठी पट्टी, आतडे किंवा स्थलांतर यांचा विचार करावा लागतो.

या सर्व पद्धतींचा क्रम लावून पाहिला तर एक सूत्र हाती येते. ताण नसावा, रक्त टिकावे, जोड रुंद असावा आणि प्रवाह उलटू नये. या चार अटींपैकी प्रत्येकीमागे मूत्रपिंड गमावलेल्या रुग्णांची एक पिढी उभी आहे. पाठ्यपुस्तकात त्या चार ओळींत संपतात; त्या शिकण्यास शस्त्रक्रियेला एक शतक लागले, आणि त्या शिक्षणाचे मोल तिने स्वतः दिलेले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने तरी विसरू नये.